लफेव्र : एका फ्रेंच आडनांवाची कुळकथा

फ्रेंच राज्यक्रांतीचा इतिहास शिकवितांना एका ग्रंथकाराचें नांव आम्हांस वर्गांत वारंवार घ्यावें लागे, आणि तें आम्ही कित्येक वर्षें चुकीचें घेत होतों. १९२४ सालीं उत्तर फ्रान्समधील शेतकऱ्यांच्या राज्यक्रांतिकालीन स्थितीवर थोर ग्रंथ लिहिणारे, आणि १७८९ च्या उन्हाळ्यांत खेड्यापाड्यांतून पसरलेल्या 'मोठ्या भीती'चा इतिहास १९३२ सालीं प्रसिद्ध करणारे जॉर्ज लफेव्र (१८७४–१९५९) हे ते ग्रंथकार होत. यांचें आडनांव रोमन अक्षरांत छापलेलें पाहावें तों 'फे' आणि 'व्र' यांच्या मध्यें एक बकार ठळकपणें बसलेला दिसतो. आमचें सारें शिक्षण इंग्रजीच्या द्वारें झालेलें. तेव्हां जें लिहिलें आहे तें कांहीं तरी बोललेंच पाहिजे अशा समजुतीनें आम्ही त्या बकारास जिभेवर घेऊन 'लेफेब्व्हर' असा एक ओबडधोबड उच्चार करीत असूं. पुढें एका फ्रेंच गृहस्थांशीं संभाषणाचा योग आला. त्यांनीं आमचें बोलणें सभ्यपणें ऐकून घेतलें आणि शेवटीं एवढेंच सांगितलें कीं, तो बकार आमच्याकडे कोणी बोलत नाहीं. तो केवळ लिहावयाचा असतो.

आम्हांस लाज वाटली खरी. परंतु लाजेहून कुतूहल अधिक वाटलें. जो वर्ण कोणी उच्चारीत नाहीं तो पिढ्यान् पिढ्या लिहावा कां? त्यास तेथें बसविलें कोणी? या प्रश्नाचा पाठपुरावा करितां करितां जी हकीकत हातीं लागली ती इतकी मनोरंजक, आणि भाषेच्या शुद्धाशुद्धतेविषयीं अभिमान बाळगणाऱ्या आमच्यासारख्यांस इतकी बोधप्रद वाटली कीं, ती वाचकांपुढें मांडावी असें मनांत आलें.

प्रथम अर्थ पाहूं. लॅटिन भाषेंत 'फाबेर' म्हणजे कारागीर. विशेषतः लांकूड, दगड, धातु अशा कठीण द्रव्यांवर काम करणारा. पुढें हा अर्थ आकुंचित होत होत लोखंडावर काम करणाऱ्यापुरता उरला. या 'फाबेर'पासून उत्तर फ्रान्सच्या जुन्या भाषेंत 'फेव्र' हा शब्द झाला, आणि त्यामागें 'ल' हें निश्चयदर्शक उपपद लागून 'ल फेव्र', म्हणजे 'तो लोहार', असा प्रयोग रूढ झाला. आरंभीं हें नांव नव्हतेंच. ती केवळ ओळख होती. अकराव्या-बाराव्या शतकांपासून फ्रान्समध्यें वस्ती वाढूं लागली. परंतु बाप्तिस्म्याच्या वेळीं ठेवावयाचीं नांवें थोडींच. एकाच गांवांत दहा जाँ आणि आठ प्येर निघूं लागले. तेव्हां कोणता जाँ हें सांगण्यासाठीं लोक त्याच्या बापाचें नांव, राहण्याची जागा, अंगचें एखादें लक्षण, किंवा त्याचा धंदा जोडून सांगूं लागले. फ्रेंच आडनांवांचे मुख्य वर्ग हेच चार. 'मार्तँ', 'बेर्नार' हीं मूळचीं व्यक्तिनामें. 'द्युब्वा' म्हणजे रानाकडचा. 'पती' म्हणजे लहानखुरा. आणि 'लफेव्र' म्हणजे लोहार. लोहाराचा मुलगा विणकर झाला, तरीही लोक त्यास 'ल फेव्र'च म्हणत राहिले, त्या दिवशीं ओळख संपली आणि आडनांव जन्मास आलें. ज्या वाचकांच्या घराण्यांत कित्येक पिढ्यांत कोणी गांवचें दप्तर पाहिलें नाहीं आणि तरी दारावर 'कुळकर्णी' अशी पाटी आहे, त्यांस या गोष्टीचें नवल वाटणार नाहीं.

येथें एक शंका सहज उद्भवते. त्या काळीं शंभरांतले ऐंशी-नव्वद लोक शेतावर राबत असतां, सर्वांत अधिक आडनांवें शेतकऱ्याच्या धंद्यावरून कां पडलीं नाहींत? याचें उत्तर ओळखीच्या स्वभावांतच आहे. जो गुण सर्वांत सारखा, त्यानें माणूस ओळखूं येत नाहीं. 'जाँ शेतकरी' म्हटल्यानें गांवांतील कोणाचाच बोध होत नसे. 'जाँ लोहार' म्हणतांच एकच माणूस डोळ्यांपुढें उभा राही. कारण गांवांत लोहार बहुधा एकच, आणि त्याच्यावांचून कोणाचेंच चालत नसे. नांगराचा फाळ, घोड्याचा नाल, दाराची बिजागरी, सरदाराची तरवार, हें सर्व त्याच्याच भात्यापुढें तयार व्हावयाचें. धंदा एकाचा आणि गरज सर्वांची, अशी स्थिति असल्यामुळें हें आडनांव गांवोगांव स्वतंत्रपणें उपजलें. म्हणून सर्व लफेव्र एका मूळपुरुषाचे वंशज असावे ही कल्पना निराधार होय. त्यांचीं कुळें जितकीं गांवें तितकीं असावयाचीं. इंग्रजांतील 'स्मिथ', जर्मनांतील 'श्मिट', हंगेरीतील 'कोवाच', रशियांतील 'कुझ्नेत्सोव', अरबांतील 'हद्दाद' हीं सर्व आडनांवें लोहाराचींच आहेत, आणि त्यांच्या प्रसाराचें कारणही हेंच आहे.

फ्रान्सच्या आंतही लोहाराचें नांव एक नाहीं. ब्रिटनी प्रांतांत, जेथें फ्रेंचहून अगदीं निराळ्या कुळांतील भाषा चाले, तेथें तो 'ल गॉफ' झाला. मध्ययुगाचे प्रसिद्ध इतिहासकार झाक ल गॉफ (१९२४–२०१४) यांचें आडनांव अर्थानें लफेव्रच आहे. जर्मन वळणाच्या आल्सासमध्यें तो 'श्मिट' राहिला. परंतु खरी मौज लॅटिन 'फाबेर'च्या स्वतःच्या संततींत आहे. त्या शब्दांतील बकारानें प्रांतोप्रांतीं निरनिराळें रूप धारण केलें. उत्तरेंत तो मऊ होऊन वकार बनला व 'फेव्र' झालें. दक्षिणेच्या कांहीं भागांत तो आपल्या जागीं टिकला व 'फाब्र' झालें. कीटकांच्या जीवनाचें अद्वितीय निरीक्षण करून ठेवणारे झाँ-आंरी फाब्र (१८२३–१९१५) हे या शाखेचे. दक्षिणेंतच अन्यत्र त्या बकाराचा उकार होऊन जें रूप झालें, तें आज 'फोर' असें उच्चारलें जातें. १८९५ ते १८९९ पर्यंत फ्रेंच लोकराज्याचे अध्यक्ष असलेले फेलिक्स फोर यांचें आडनांव तें हें. आणि पूर्वेस साव्हॉय व पश्चिम स्वित्झर्लंड या बाजूस 'फाव्र' झालें.

या शेवटच्या शाखेचा एक धागा आमच्या किनाऱ्यापर्यंत येऊन पोहोंचला आहे. साव्हॉयमधील एका खेड्यांत १५०६ सालीं जन्मलेला, लहानपणीं मेंढरें राखणारा प्येर फाव्र पुढें विद्येच्या ओढीनें पॅरिसला आला. तेथें सँत-बार्ब विद्यालयांत त्याच्या खोलींत राहणारा सहाध्यायी म्हणजे फ्रान्सिस झेवियर; आणि १५२९ मध्यें त्याच खोलींत तिसरा विद्यार्थी आला तो इग्नेशियस लोयोला. जेझुइट संघाचा पाया या मैत्रींत घातला गेला. झेवियर १५४२ च्या मे महिन्यांत गोव्यास उतरला, आणि त्याचें शव आज जुन्या गोव्यांतील बॉम जेझूच्या मंदिरांत आहे, हें सर्वांस ठाऊक आहे. त्याच्या खोलींतला हा मितभाषी सोबती १५४६ मध्यें वारला. २०१३ सालीं पोप फ्रान्सिस यांनीं त्यास संतपद दिलें. लॅटिन कागदांत तो स्वतःस 'फाबेर' लिही. म्हणजे साव्हॉयच्या खेड्यांत ज्या बकाराचा वकार झाला होता, तो विद्यालयांत शिरतांच पुन्हां बकार झाला.

बोलणारे शब्दास एका दिशेनें नेतात आणि पंडित त्यास उलट दिशेस ओढतात. आतां लफेव्रमधील त्या मुक्या बकाराचें रहस्य उलगडणें कठीण नाहीं. मध्ययुगाच्या उत्तरकालीं, आणि विशेषतः पंधराव्या-सोळाव्या शतकांत, लॅटिन विद्येचा मोठा उत्कर्ष झाला. कायद्याचे कागद लिहिणाऱ्या कारकुनांस आपली बोली ही लॅटिनचें भ्रष्ट रूप आहे असें वाटूं लागलें, आणि तिच्या अंगावर जेथें जेथें शक्य होईल तेथें लॅटिनची खूण उमटविण्याचा त्यांनीं सपाटा लाविला. 'सेत', म्हणजे सात, या शब्दांत लॅटिन 'सेप्तेम'चा पकार घातला गेला. 'बोट' या अर्थाच्या शब्दांत लॅटिन 'दिगितुस'चा गकार घातला गेला. हे दोन्ही वर्ण आजतागायत लिहिले जातात आणि उच्चारले जात नाहींत. याच हौसेनें 'फेव्र'च्या पोटांत 'फाबेर'चा बकार परत नेऊन ठेवण्यांत आला. त्या बकाराचा वकार होऊनच 'फेव्र' झालें होतें, म्हणजे पूर्वज नातवाच्या रूपानें घरांत नांदतच होता. तरी पंडितांनीं पूर्वजासही नातवाशेजारीं आणून बसविलें.

तथापि या कारकुनांस केवळ पांडित्याची हौस होती असें म्हटल्यास त्यांच्यावर अन्याय होईल. त्यांच्यापुढें एक खरी अडचण होती. त्या काळच्या रोमन लिपींत उकार आणि वकार यांस वेगळीं अक्षरें नव्हतीं. एकच चिन्ह दोन्ही कामें करी. ज्यांनीं यणसंधि शिकला आहे त्यांस या दोन ध्वनींचें सख्य ठाऊकच आहे. आणि ज्यांनीं ऱ्हस्व-दीर्घ इकार-उकारांचा भेद न मानणारी मोडी वाचली आहे त्यांस एका चिन्हाचे दोन अर्थ संदर्भावरून लावणें म्हणजे काय हेंही सांगावयास नको. 'लफेव्र' हें नांव कागदावर लिहिलें म्हणजे तें वाचणारा त्यांतील चिन्हास उकार समजेल कीं वकार, याचा भरंवसा नसे. मागें बकार लिहिला म्हणजे पुढील चिन्ह व्यंजन आहे, स्वर नव्हे, असें वाचकास सुचवितां येई. 'कर्तव्य', 'फेब्रुवारी' या अर्थांच्या फ्रेंच शब्दांतही त्या काळीं असाच बकार घालीत. म्हणजे हा बकार एका बाजूनें कुलाभिमानाचा टिळा होता, आणि दुसऱ्या बाजूनें वाटेवरील पाटी होती.

परंतु पाटीनेंच वाटसरूस चुकविलें! ज्यांस नांव ऐकून ठाऊक होतें त्यांस पाटीची गरज नव्हती. आणि ज्यांस तें ठाऊक नव्हतें त्यांनीं बकार दिसतांच तो उच्चारला, व त्यापुढील चिन्ह उकार समजून वाचलें. अशा रीतीनें 'लफेव्र'चें 'लफेब्यूर' झालें. या नव्या नांवांतील बकार बोलण्याच्या ओघांत कधींच आलेला नव्हता, आणि त्यांतील उकार तर लॅटिनमध्येंही नव्हता. दोन्ही केवळ कागदावर जन्मले, आणि तरी माणसांच्या तोंडीं बसले. 'लफेब्यूर' हें आज फ्रान्समधील खरेंखुरें आडनांव आहे. आधुनिक भाषाशास्त्राचे एक प्रवर्तक फेर्दिनां द सोस्यूर यांच्या व्याख्यानांवरून १९१६ मध्यें जो ग्रंथ प्रसिद्ध झाला त्यांत, लिपि भाषेवर कशी कुरघोडी करिते याचें उदाहरण म्हणून याच आडनांवाची कथा दिली आहे. आणि असले प्रकार हे भाषेच्या स्वाभाविक व्यापारांतून निघालेले नसल्यामुळें त्यांस विकृतींच्या वेगळ्या दालनांत ठेवावें, असा अभिप्राय व्यक्त केला आहे. उकार व वकार या दोन अक्षरांस फ्रेंच अकादमीच्या कोशांत स्वतंत्र स्थान मिळालें तें १७६२ सालच्या चौथ्या आवृत्तींत. ही सोय दोनशें वर्षें आधीं झाली असती तर लफेब्यूर घराणें कदाचित् जन्मासच आलें नसतें.

आतां प्रश्न असा कीं, पुढें ही चूक कोणी सुधारली कां नाहीं? याचें उत्तर व्याकरणांत नसून राज्यकारभारांत आहे. १५३९ मध्यें पहिल्या फ्रान्स्वा राजानें व्हिलेर-कोतरे येथें काढलेल्या हुकुमानें न्यायालयाचे कागद फ्रेंच भाषेंत लिहावे आणि पाद्र्यांनीं बाप्तिस्म्यांची नोंद ठेवावी असें ठरलें. नोंद होऊं लागली. पण लेखनाचा नियम नव्हता. ज्याचें नांव लिहावयाचें तो बहुधा निरक्षर; पाद्री कानावर येईल तसें किंवा आपल्या विद्वत्तेस शोभेल तसें लिही. एकाच बापाच्या दोन मुलांपैकीं एकाच्या नांवांत बकार आणि दुसऱ्याच्या नांवांत नाहीं, असें घडण्यास कांहींच आडकाठी नसे. पुढें राज्यक्रांति झाली. १७९२ च्या सप्टेंबरांत जन्म-विवाह-मृत्यूंच्या नोंदी चर्चकडून काढून नगरसभांकडे देण्यांत आल्या. आणि ऑगस्ट १७९४ मध्यें असा कायदा झाला कीं, जन्माच्या दाखल्यांत जें नांव लिहिलें असेल त्याहून वेगळें नांव कोणाही नागरिकानें धारण करूं नये. १८०३ च्या कायद्यानें नांव बदलण्याची परवानगी सरकारकडून घेण्याची वाट ठेवली. पण ती वाट अरुंद होती. अशा रीतीनें त्या त्या वेळीं वहींत जें रूप होतें तें गोठलें. बकारयुक्त लफेव्र, बकाररहित लफेव्र, लफेब्यूर, आणि पश्चिमेकडील 'लफव्र', हीं एकाच शब्दाचीं रूपें कायद्यानें परस्परांपासून भिन्न झालीं. पुढें २००२ आणि २०२२ सालच्या कायद्यांनीं मुलांस आईचें आडनांव देण्याची व घेण्याची मोकळीक बरीच वाढविली. तरी दाखल्यांतील बकार गाळावा कीं ठेवावा हा अधिकार बोलणाऱ्याच्या जिभेस अजूनही मिळालेला नाहीं.

प्रसाराच्या दृष्टीनें पाहतां फ्रान्समध्यें पहिला मान 'मार्तँ' या आडनांवाचा आहे. परंतु विसाव्या शतकांतील जन्मनोंदींवरून केलेल्या याद्यांत बकारयुक्त लफेव्र पहिल्या वीस आडनांवांत येतें. बकाररहित लफेव्र, फाब्र, फोर, फाव्र यांची गणना या याद्यांत वेगळी होते. म्हणून लोहाराच्या कुळाचा खरा विस्तार कोणत्याही एका आंकड्यांत दिसत नाहीं. बकारयुक्त रूपाचें माहेर म्हणजे अगदीं उत्तरेचा मुलूख, म्हणजे नोर, पा-द-कालें, पिकार्दी व नॉर्मंडी. तेथून तें समुद्रापलीकडे गेलें. कॅनडांतील क्वेबेक प्रांतांत हें आडनांव सर्वत्र आढळतें. प्रॉटेस्टंट धर्मासाठीं देश सोडलेल्या ज्या बारा जणांनीं १६७७ मध्यें न्यूयॉर्क वसाहतींत न्यू पाल्ट्झ या गांवाची जमीन मिळविली त्यांत दोघे लफेव्र होते. इंग्लंडांत गेलेल्या एका शाखेंतील चार्ल्स शॉ-लफेव्र हे १८३९ पासून १८५७ पर्यंत पार्लमेंटच्या कॉमन्स सभेचे अध्यक्ष होते. आणि अमेरिकेंत आलेल्या कांहीं कॅनेडियन लफेव्रांची गत तर याहून विलक्षण झाली. फ्रेंच भाषेंत 'फेव' म्हणजे घेवड्यासारखी एक शेंग. नांवाचा अर्थ तोच असावा अशा समजुतीनें त्याचें भाषांतर होऊन ते 'बीन' झाले! ज्याच्या पूर्वजानें ऐरणीवर घण घातले, त्याचा वंशज भाजीच्या नांवानें ओळखला जाऊं लागला.

अर्थाचा असा विसर पडण्यास एक कारण आहे. लोहार या अर्थाचा 'फेव्र' हा शब्द चालू फ्रेंच भाषेंतून केव्हांच नाहींसा झाला. आज लोहारास 'फोर्जरों' म्हणतात. हा शब्द 'फोर्ज', म्हणजे भट्टी, यापासून निघाला. आणि 'फोर्ज' हा लॅटिन 'फाब्रिका'पासून, म्हणजे फाबेरच्या कारखान्यापासून निघाला. म्हणजे ज्या शब्दानें फेव्रला घराबाहेर काढलें तो त्याच्याच घरचा होता. याच 'फाब्रिका'नें पोर्तुगीजांबरोबर प्रवास करून गोव्यांत बिऱ्हाड केलें आहे. तेथील चर्चांच्या मालमत्तेची व्यवस्था पाहणाऱ्या मंडळास याच नांवानें ओळखतात. जुना 'फेव्र' मात्र सोनाराच्या 'ऑर्फेव्र' या नांवांत आणि लाखो लोकांच्या आडनांवांत तेवढा उरला आहे. शब्द मेला, धंदाही बहुतेक गेला. नांवानें दोघांचीही आठवण ठेवली, पण ती कशाची आठवण आहे हें नांव धारण करणारांपैकीं अनेकांस ठाऊक नाहीं.

मग या मुक्या बकाराविषयीं आमचें मत काय? तरुणपणीं आम्ही मुलांच्या निबंधांतील बोलीच्या वळणाचीं रूपें तांबड्या शाईनें खोडून त्यांच्या जागीं संस्कृत मुळाशीं जुळणारीं रूपें लिहीत असूं. आणि त्यांत आपण भाषेचें ऋण फेडतों असें आम्हांस मनापासून वाटे. लफेव्रची कथा वाचल्यापासून तो हात थोडा थबकतो. त्या कारकुनांसही आपण नांवास प्रतिष्ठा देतों असेंच वाटत होतें. पण त्यांनीं लावलेल्या अलंकारामुळें कित्येक घराण्यांचें नांवच पालटलें. दुसऱ्या पक्षीं, भाषाशास्त्रज्ञ लफेब्यूर या रूपास विकृति म्हणतात तेंही आम्हांस शास्त्रापुरतेंच मान्य आहे. ज्या नांवानें आईनें हाक मारली, ज्या नांवानें बापास मूठमाती मिळाली, तें नांव चुकीनें उत्पन्न झालें असलें तरी त्या घरापुरतें चुकीचें उरत नाहीं. नवी दुरुस्ती करतांना पंडितांनीं शंभरदां विचार करावा. आणि जुनी चूक माणसांनीं अंगीं वागविली असेल तर तिला खोडण्यापूर्वींही तितकाच करावा.

जाँ नांवाचा जो कोणी पहिला लोहार 'ल फेव्र' म्हणून ओळखला गेला, त्यास स्वतःचें नांव लिहितांही येत नसावें. त्याच्या नामधारकांपैकीं झाक लफेव्र देताप्ल यांनीं १५२३ मध्यें नवा करार आणि १५३० मध्यें संपूर्ण बायबल फ्रेंच भाषेंत आणून तें सामान्य माणसाच्या हातीं दिलें. विद्वानांत मात्र ते 'फाबेर' या लॅटिन नांवानेंच मिरवले. दुसरे फ्रान्स्वा-जोझेफ लफेव्र साध्या शिपाईगिरीपासून चढत १८०४ मध्यें नेपोलियनचे मार्शल झाले. आणि ज्यांच्यापासून आम्हीं आरंभ केला ते जॉर्ज लफेव्र, याच आडनांवाच्या माहेरीं लील शहरांत जन्मून, ज्यांचीं नांवें पाद्र्यांच्या वह्यांपलीकडे कोठेंच लिहिलीं गेलीं नाहींत त्या खेडुतांचा इतिहास लिहीत राहिले.

हल्लीं वर्गांत त्यांच्या ग्रंथाचा विषय निघाला म्हणजे आम्ही त्यांचें नांव फळ्यावर रोमन अक्षरांत बकारासह लिहितों आणि तोंडानें बकारावांचून उच्चारितों. एखादा चौकस विद्यार्थी उठून विचारतो कीं, मधलें अक्षर आपण वाचलें नाहीं. मग त्या दिवशींचा राज्यक्रांतीचा पाठ थोडा मागें पडतो, आणि आम्ही त्यास लोहाराची गोष्ट सांगावयास लागतों.